सूर्याची उधारी
फेब्रुवारी १९७७. गालापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ पाणबुडी सुमारे अडीच किलोमीटर खोल उतरली. मोहीम भूशास्त्रज्ञांची, समुद्रतळाच्या भेगांतून येणारं गरम पाणी शोधायचं होतं. जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. आणि त्या मिट्ट काळोखात सापडले शिंपले, खेकडे, नळीत राहणारे लाल तुऱ्याचे किडे! नमुने टिकवायला चक्क व्होडका वापरावी लागली.

या किड्यांना ना तोंड, ना आतडं. मग जगतात कशावर? १९८१मध्ये हार्वर्डची विद्यार्थिनी कॉलीन कॅव्हनॉ हिने उत्तर मांडलं : त्यांच्या शरीरातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवतात आणि त्यांना पोसतात.

‘सूर्याशिवाय जीवन’ असं आपण लगेच म्हणून टाकतो. मी सॉफ्टवेअरवाला, सिस्टीम दिसली की आधी ती कशावर अवलंबून आहे ते बघतो. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, आणि तो बनतो वर, उन्हात. म्हणजे उधारी सूर्याचीच. खरे स्वावलंबी वेगळे : हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगणारे, मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव.

म्हणून २०१७ची बातमी मला मोठी वाटते. शनीच्या एन्सेलाडस चंद्राच्या बर्फाखाली समुद्र आहे. तिथून उडणाऱ्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला हायड्रोजन सापडला. म्हणजे जेवण तयार आहे. फक्त ते उरलंय, याचा अर्थ जेवणारं कुणी नाही, असाही निघू शकतो.