एका अंशाचा हजारावा भाग

लॅबमधला एसी 24 वर लावला की तापमानाचा प्रश्न मिटला, असं तुम्हाला वाटतं का? मलाही वाटायचं. मग डेटन मिलर यांचा प्रयोग वाचला.

ईथरमधून धावणाऱ्या पृथ्वीची गती मोजायचा मायकेलसन-मोर्ले यांचा 1887 चा प्रयोग तुम्ही बीएस्सीला शिकला असालच. अपेक्षित परिणाम दिसलाच नाही. मिलर यांनी तोच प्रयोग आणखी मोठ्या इंटरफेरोमीटरवर, 1921 ते 1926 या काळात कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर केला. हजारो फेऱ्यांची रीडिंग्ज घेतली आणि उत्तर आलं : सेकंदाला साधारण 10 किलोमीटर. हे खरं ठरलं असतं, तर सापेक्षतावादच अडचणीत आला असता. आइनस्टाइन यांना मात्र तापमानातल्या फरकाचा संशय होता.

आता वही काढा. एका भुजेत प्रकाशाचा जाऊन-येऊन मार्ग साधारण 64 मीटर. हवा 1 अंशाने तापली की तिचा अपवर्तनांक सुमारे 0.000001 ने घटतो. म्हणजे एका भुजेतली हवा दुसरीपेक्षा सरासरी 0.001 अंशाने जरी गरम असली, तरी पट्टे सुमारे एक दशांश पट्ट्याएवढे सरकतात. मिलर यांना दिसलेला परिणाम साधारण तेवढाच होता!

मग त्यांनी जाड भिंती का नाही बांधल्या? भिंतींमुळे ईथरच अडेल, ही भीती. म्हणून प्रयोगाची खोली मुद्दाम हलकी ठेवली. ज्या गोष्टीने तापमान स्थिर राहिलं असतं, तीच गृहीतकाच्या आड येत होती.

1926 मध्ये रॉय केनेडी यांनी वेगळी वाट धरली. उपकरण धातूच्या बंद पेटीत ठेवलं आणि आत हेलियम भरला. हेलियममध्ये तापमानाचा प्रकाशावर होणारा परिणाम हवेच्या जवळपास एक अष्टमांश. मिलर यांचा परिणाम तिथे दिसला नाही. पुढे 1955 मध्ये मिलर यांचेच विद्यार्थी रॉबर्ट शँकलंड आणि सहकाऱ्यांनी मूळ नोंदी तपासल्या. त्यांनीही बोट ठेवलं ते तापमानावरच. तोवर मिलर जाऊन 14 वर्षं झाली होती.

मिलर निष्काळजी नव्हते. पण रीडिंग्ज वाढवून यादृच्छिक त्रुटी कमी होते, पद्धतशीर त्रुटी तशीच राहते. म्हणून सेटअप लावण्याआधी गणित करा : किती अंशाच्या फरकाने माझं उत्तर बिघडेल? मग टेबलाच्या दोन्ही टोकांना सेन्सर लावून दिवसभराची नोंद घ्या. एसीवरचा आकडा तुमच्या नमुन्याचं तापमान सांगत नाही.