दफ्तराबाहेरचा डॉक्टर

शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी सव्वापाच वाजून गेल्यावर मिनिटभराने, म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा किंचित उशिराने, बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा पहिला भाग सुरू झाला, तेव्हा आदल्याच दिवशी डॅलस येथे झालेल्या अध्यक्ष केनेडींच्या हत्येने सुन्न झालेल्या इंग्लंडाचे चित्त एका काल्पनिक कथेत रमण्याजोगे नव्हते. आणि म्हणूनच पुढच्या शनिवारी, दुसऱ्या भागापूर्वी, पहिला भाग पुन्हा दाखविण्याची तजवीज करावी लागली.

तो भाग आज पुन्हा पाहताना मनावर ठसतो तो त्यातील मितभाषीपणा. धुक्यात गस्त घालणारा एक शिपाई, भंगाराचे आवार, आणि त्या आवारात उभी असलेली, लंडनच्या रस्त्यांवर त्या काळी सर्रास आढळणारी पोलिसांची टेलिफोन-पेटी. ती निळी होती हे आपण ऐकूनच जाणतो, कारण चित्र कृष्णधवल. एका शाळेतील विज्ञानाचा शिक्षक आणि इतिहासाची शिक्षिका आपल्या विलक्षण विद्यार्थिनीच्या घराचा माग काढीत तेथे पोहोचतात आणि पेटीच्या आत शिरताच बाहेरून दिसते त्याहून कितीतरी मोठ्या दालनात उभे राहतात. ही सूझन नावाची मुलगी पौंडाचे शिलिंग किती हे चुकते, कारण इंग्लंडात दशमान चलन आले आहे असा तिचा समज असतो. ते तेथे १९७१ साली आले. आपल्याकडे मात्र आणे-पै जाऊन नवे पैसे १९५७ मध्येच रूढ झाले होते, तेव्हा भविष्याची ही खूण आपल्या एखाद्या वाण्याला कोड्यात पाडती ना!

इंग्रजी संस्कृतीचे लेणे म्हणून जी मालिका आज मिरविली जाते, तिचे जनक बव्हंशी त्या संस्कृतीच्या उंबरठ्यावरचे होते, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे कॅनडाचे. पहिल्या कथेचे लेखक अँथनी कोबर्न ऑस्ट्रेलियाचे. निर्माती व्हेरिटी लँबर्ट ही अवघी सत्तावीस वर्षांची, आणि त्या विभागात निर्मातेपदी असलेली एकमेव स्त्री. तर दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत १९३८ साली जन्मलेले, कादंबरीकार अतिया हुसेन यांचे चिरंजीव, त्या वेळी जेमतेम चोवीस वर्षांचे. अशा मंडळींच्या वाट्याला लाइम ग्रोव्ह येथील जुनाट, अडचणीचा ‘डी’ स्टुडिओ आला, यात नवल नाही.

सप्टेंबरअखेर चित्रित झालेला पहिला प्रयत्न न्यूमन यांनी नापास केला. दारे नीट लागत नव्हती आणि कथेचा नायक, म्हातारा डॉक्टर, फारच तुसडा वाटत होता. मंजूर झाला तो १८ ऑक्टोबरला पुन्हा घेतलेला भाग. फीत कापून जोडणे खर्चाचे, म्हणून चित्रण शक्यतो अखंड चाले, आणि डॉक्टरची भूमिका करणाऱ्या विल्यम हार्टनेल यांची जीभ संवादात अडखळली तरी ती अडखळ तशीच राही. परंतु याच काटकसरीच्या कारभारात ध्वनीचे जे काम झाले त्याला तोड नाही. रॉन ग्रेनर यांनी लिहिलेली मालिकेची शीर्षक-सुरावट डेलिया डर्बीशायर यांनी एकेक स्वर फितीवर घेऊन, कापून, जोडून साकारली. ग्रेनर अर्धे श्रेय त्यांना द्यावयास तयार असताही संस्थेच्या नियमात ते बसेना. त्या पेटीचा, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाचा, तो कण्हता आवाज तर ब्रायन हॉजसन यांनी आईच्या घराची किल्ली पियानोच्या जाड तारांवर घासून काढला.

कालयान भूतकाळात पोहोचल्यावरचे पुढचे तीन भाग गुहेतील माणसांच्या अग्निशोधाचे आहेत, आणि खरे सांगावयाचे तर ते कंटाळवाणे आहेत. तरी त्यांत एक क्षण असा येतो की जखमी पडलेल्या गुहावासीयाच्या उशाशी डॉक्टर धोंडा उचलतो आणि शिक्षक त्याचा हात धरतो. पुढे जगाचा तारणहार म्हणून ख्याती पावलेला हा पुरुष आरंभी असा संशयास्पद होता. न्यूमन यांना मुलांना इतिहास-विज्ञान शिकवायचे होते आणि बटबटीत डोळ्यांचे राक्षस त्यांनी निषिद्धच ठरविले होते. परंतु डिसेंबरात टेरी नेशन यांच्या लेखणीतून आणि रेमंड क्यूसिक यांच्या आराखड्यातून ‘डालेक’ नावाचे राक्षसच अवतरले, प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या पलीकडे गेली, आणि तो निषेध कागदावरच राहिला.

यानंतरची हकीकत दफ्तराची आहे. चित्रफीत महाग आणि पुन्हा वापरता येण्याजोगी, नटांच्या करारान्वये पुनःप्रक्षेपणावर बंधने, त्यात रंगीत चित्रांचे युग आलेले. तेव्हा हुकूम निघत गेले आणि फिती पुसल्या गेल्या. पहिल्या सहा वर्षांच्या अडीचशेंहून अधिक भागांपैकी नव्वदांहून अधिक आज उपलब्ध नाहीत. जे परतले त्यांतील कित्येक परदेशी विकलेल्या सोळा मिलिमीटरच्या प्रतींवरून: चार भागांची एक संपूर्ण कथा हाँगकाँगहून आली, आणि नायजेरियातील जोस शहरी हरवलेले नऊ भाग सापडल्याचे २०१३ साली जाहीर झाले. मालकाने टाकलेले ऐवज गिऱ्हाइकाने जपावे, अशातला हा प्रकार. नापास ठरलेला तो पहिला प्रयत्न मात्र शाबूत आहे.

आणि हुसेन यांची ‘मार्को पोलो’? १९६४ च्या फेब्रुवारी-एप्रिलात दाखविलेली ही सात भागांची कथा, ज्यांतले सहा भाग त्यांनी दिग्दर्शित केले, समूळ नाहीशी झाली. लखनौच्या या तरुणाने त्या अपुऱ्या जागेत पामीरची वाट, गोबीचे वाळवंट आणि कुब्लाईखानाचा दरबार उभा केला. त्याची काही स्थिरचित्रे राहिली, आणि राहिला तो आवाज, कारण कोणा प्रेक्षकांनी घरी ध्वनिफितीवर तो टिपून ठेवला होता. दुसऱ्या भागाचे नाव ‘गाणारी वाळू’. त्यातील वादळ आज दिसत नाही. दिवा मालवून बसले तर ते ऐकू मात्र येते.