खराब पान

कुडव्यात माझ्या आजीच्या वयाच्या बाया कुणाला कामावरून काढलं असं कधी म्हणत नसत. "तिले पान खराब देल्लं," एवढंच सांगत. पुढचं ऐकणारीला कळायचं.

गोंदिया म्हणजे बिडीचं गाव, आणि कुडवा त्याला चिकटून. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूची पानं यायची आणि वर्षभर घरोघरी बाया सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायच्या. पान, तंबाखू, दोरा कारखान्याचा मध्यस्थ, म्हणजे सट्टेदार, तोलून द्यायचा. मजुरी हजारावर. माल परत नेला की तपासनीस कट्टे उलगडून बघायचा, न पटलेल्या बिड्या बाजूला काढायचा. ही छाट. तिची मजुरी नाही आणि ती बिडीही परत नाही. छाटलेल्या बिड्यांचं पुढं काय होतं, हा प्रश्न आजी विचारायची आणि स्वतःच हसायची.

शिक्षा करायला एवढी सोय पुरेशी होती. जी बाई उलट बोलली तिच्या वाट्याला भोकाचं, जाड शिरांचं पान. त्यातून हजार निघत नाहीत. हिशेब पुरा करायचा तर पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणा. नाव वहीत असतंच, काम बंद झालेलं नसतंच. तक्रार करायची तरी कशाची?

आजीची धाकटी जाऊ, माझी काकूआजी, जरा तिखट. तिनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊ, काटा जरा दाखवा जी." सट्टेदारानं काटा दाखवला नाही. पुढच्या खेपेपासून तिचं पान बिघडलं, छाट वाढली. दुसरी एखादी रडली असती. हिनं पानाचा गठ्ठा वाटेतल्या किराणा दुकानात तोलला, दुकानदाराकडून चिठ्ठीवर वजन लिहून घेतलं आणि चिठ्ठ्या देव्हाऱ्यात ठेवत गेली. बऱ्याच साठल्यावर त्या घेऊन ती सट्टेदाराच्या दारात उभी राहिली. पान सुधारलं. पण त्याच वर्षी तिनं सट्टेदार बदलला. "एकदा मनात धरलं का सोडत नाही तो," असं ती सांगायची. घरात ही गोष्ट जिंकल्याची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही.

सट्टेदार मालक नव्हता, हीच खरी गोम होती. कारखानदार म्हणायचा, बाया सट्टेदाराच्या. सट्टेदार म्हणायचा, मी नुसता मधला. 1958 साली मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही सट्टेदाराला स्वतंत्र कंत्राटदार ठरवलं. नंतर नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या कामगारांच्या रजेचा वाद वर गेला. मालकाचं म्हणणं, ही माणसं मर्जीनं येतात-जातात, नगावर मजुरी घेतात, मग कामगार कशी? 1960 मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. कमअस्सल बिडी नाकारायचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजे कामावर ताबाही त्याचाच, असं ठरलं. ज्या छाटीनं बायांना नाडलं तीच कारखान्यातल्या मजुराच्या बाजूनं साक्षीला उभी राहिली. आजीला हे सांगायला मी फार उशिरा जन्मले.

घरी वळणाऱ्या बाईपर्यंत कायदा पोचला तो 1966 साली. बिडी आणि सिगार कामगारांच्या त्या कायद्यात सहा महिने काम केलेल्याला वाजवी कारणाशिवाय, महिन्याची नोटीस किंवा तेवढी मजुरी दिल्याशिवाय काढता येत नव्हतं. पण मला त्यातलं 39 वं कलम जास्त मोलाचं वाटतं. कच्चा माल देण्यावरून आणि बिडी नाकारण्यावरून होणारे वाद कोणी, कसे मिटवायचे हे राज्यानं ठरवावं, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे खराब पान दिल्लीला माहीत होतं! कारखानदार न्यायालयात गेले, 1974 मध्ये कायदा टिकला. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानं कामगाराला सूडबुद्धीनं काढणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. पण ती तरतूद कामावरून काढण्यापुरती होती. काकूआजीला कोणी काढलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट बाया सांगायच्या, तीही आडून. माल द्यायला एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं. का, ते मुलींना कोणी सांगत नसे. तपासनिसाचं हसणं, कट्टा घेताना हाताला हात लावणं, आणि मुकाट राहिली तर छाट कमी. छाट आणि पान दोन्ही त्याच दारात ठरायचं, त्यामुळे नाही म्हणायची किंमत हजारावर मोजली जायची. 2013 च्या लैंगिक छळाच्या कायद्यात हे बसतं: कामात नुकसान करण्याची उघड किंवा आडून दिलेली धमकी लैंगिक वागणुकीशी जोडलेली असेल तर तो छळच. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

माझी भाची गोंदियात एका छोट्या दुकानात हिशेब लिहिते. मालकाच्या भावाला तिनं अंतर राखायला सांगितलं, तेव्हापासून रविवारची सुट्टी गेली आणि रात्रीची पाळी आली. तिची आई म्हणाली, दुसरं काम बघ. मी तिला काकूआजीच्या चिठ्ठ्या सांगितल्या. तिनं मोबाइल पुढं केला. पाळी बदलल्याचे सगळे निरोप तिनं तारखेसकट जपून ठेवले होते. तिला एवढंच विचारायचं होतं की अर्ज कलेक्टर ऑफिसात नेमका कोणत्या टेबलावर द्यायचा.