टिनोपॉल आणि मोबाईलचा पडदा

उजनीच्या काठावर करमाळ्याकडचं गाव असो की माढ्याकडचं, घरात दोन वस्तू हमखास सापडतात: धुण्याची पावडर आणि मोबाईल. या दोघींचं जवळचं नातं आहे. आज त्याच नात्याचा इतिहास ऐकूया.

१८५२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की काही पदार्थ डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि त्याच क्षणी दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. बचतगटाच्या भाषेत सांगायचं तर हे पदार्थ उसनं घेतलेलं पुरतं फेडत नाहीत. थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात मागे राहते, उरलेली प्रकाश होऊन परत येते.

१९२९ साली जर्मनीत पॉल क्राइस यांनी एका झाडाच्या अर्कात कापड भिजवलं. त्या अर्कातलं द्रव्य उन्हातले अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश देत होतं, त्यामुळे कापड जास्त पांढरं दिसलं. आपलं टिनोपॉल याच जातीचं. नीळ पिवळेपणा नुसता झाकते. टिनोपॉल कापडातून निळा प्रकाश बाहेर टाकतं. आजच्या बऱ्याच धुण्याच्या पावडरींत अशी द्रव्यं असतात. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवायची: झगझगीत पांढरं म्हणजे निर्मळ, असं नाही. बाळाचे लंगोट असोत की पाळीची कापडं, ती खळबळून धुवून कडक उन्हातच वाळवायला हवीत. चमक जंतू मारत नाही.

आपल्या राज्यात ही विद्या कापडाच्या वाटेनेच आली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. तिथे सुरुवातीपासूनच कापडाचं रसायनशास्त्र शिकवलं जाई, कारण मुंबई आणि सोलापूर ही गिरण्यांची शहरं. विभागाचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांवर लिहिलेला ग्रंथ १९५२ साली आला आणि तो जगभर वापरला गेला. माटुंग्याच्या याच संस्थेत पुढे प्रा. एन. सेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रकाश देणारे अनेक नवे रंग घडवले आणि तपासले.

ऊन नसताना, नुसत्या विजेवर असा रंग उजळेल का? १९६३ साली अमेरिकेत मार्टिन पोप यांनी डांबरातून मिळणाऱ्या अँथ्रासीनच्या स्फटिकातून वीज सोडून उजेड मिळवला, पण त्याला सुमारे ४०० व्होल्ट लागले. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची! १९८७ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या रसायनशास्त्रज्ञांनी केसाहून शेकडो पटींनी पातळ असे दोन थर एकावर एक चढवले. मग १० व्होल्टच्या आतच हिरवा उजेड पडला. हाच ओएलईडी दिवा. यातला ‘ओ’ म्हणजे ऑर्गॅनिक, पण शेणखताचं सेंद्रिय नव्हे. कार्बनपासून बनलेली द्रव्यं, एवढाच त्याचा अर्थ. मोबाईलच्या खोक्यावर ‘अ‍ॅमोलेड’ लिहिलेलं असतं, त्या पडद्यात असे लाखो बारीक दिवे असतात.

आपल्याकडे नागपुरात डॉ. तेजो कल्याणी आणि डॉ. संजय ढोबळे यांनी युरोपियम या धातूची लाल प्रकाश देणारी संयुगं बनवून अशा दिव्यांवर काम केलं. कमी विजेत घर उजळावं, हा त्यामागचा हेतू. तेजो कल्याणी या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक आहेत, हे आपल्या दहावी-बारावीच्या लेकींना मुद्दाम सांगा.

या दिव्यांचा शत्रू म्हणजे ओल आणि हवा. म्हणून ते काचेत घट्ट बंद करतात. पडदा आतून तडकला की ओल शिरते आणि काळा डाग पसरत जातो. आपण पाण्याकाठच्या बाया; मोबाईल फुटला तर डाग वाढायची वाट बघू नका. आतले फोटो, गटाच्या हिशेबाची नोंद आधी दुसरीकडे उतरवून घ्या.