रेडॉन गॅस म्हणजे काय? मोबाईल ॲपने तो मोजता येतो का?

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून माझ्या ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती तिकडं घर घेतेय. सगळं ठरलं होतं, पण घराच्या तपासणीत तळघरातला रेडॉन ६.२ आला, आणि त्याच तळघरात तिला मुलाची खेळायची खोली करायची होती. "अरे, तू इंजिनिअर ना? हे काय प्रकरण आहे?" मी सॉफ्टवेअरवाला, मलाही नीट माहीत नव्हतं. मग वाचत बसलो. तेच आज सोप्या भाषेत सांगतो.

रेडॉन म्हणजे काय?

जमिनीतल्या खडकांत थोडंफार युरेनियम असतंच. त्याचं विघटन होत होत रेडियम आणि पुढे रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो हवेत विरून जातो, पण बंद घरात फरशीच्या फटींतून शिरून साठतो. त्यातून तयार होणारे कण श्वासाबरोबर फुप्फुसात चिकटतात आणि अल्फा किरण सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फुप्फुसाच्या कॅन्सरपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात.

किती असला तर जास्त?

एका घनमीटर हवेत दर सेकंदाला एक अणू फुटला, तर १ बेकरेल. संघटना १०० ची पातळी सुचवते, आणि ते शक्य नसेल तर कमाल ३००. अमेरिकेत ४ पिकोक्युरी, म्हणजे १४८ बेकरेलला उपाय करायला सांगतात. ताईचा ६.२ म्हणजे साधारण २३० बेकरेल.

कुठं किती जागरूकता?

अमेरिकेत हा विषय पेटला तो १९८४ मध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या अणुवीज प्रकल्पावरचे इंजिनिअर स्टॅन्ली वॉट्रस कामावर आत येतानाच किरणोत्साराचा अलार्म वाजवायचे. शोध घेतला तर रेडॉन निघाला त्यांच्या घरात, सुमारे १ लाख बेकरेल! आज तिथं घर विकताना रेडॉनची टेस्ट ही नेहमीची गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये आपल्या भागाचा धोका नकाशावर बघता येतो. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशात ३०० ची मर्यादा घातली.

आपल्याकडं संशोधन होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले फिल्मवाले डोसीमीटर देशभरच्या अभ्यासांत वापरतात. पण ते सामान्य माणसापर्यंत पोचलेलं नाही. उलट आपण घाबरतो मोबाईल टॉवरला. २०२१ मध्ये ५जी विरोधातली जुही चावलांची याचिका दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली. टॉवरच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याएवढी ऊर्जा नसते, रेडॉनच्या अल्फा किरणांत असते. पण टॉवर डोळ्यांना दिसतो आणि कुणाला तरी दोष देता येतो. रेडॉन जमिनीतून येतो, मग भांडायचं कुणाशी?

मोबाईलने मोजता येतो का?

नाही! फोनमध्ये रेडॉनचा सेन्सर नसतो. "रेडॉन डिटेक्टर" असं नाव सांगून नुसत्या फोनवर आकडा दाखवणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका. खऱ्या डिजिटल मीटरमध्ये छोटी पोकळी असते. हवा आत झिरपते, अल्फा कण सिलिकॉनच्या सेन्सरवर आदळला की एक पल्स मोजला जातो. ॲप फक्त तो आकडा ब्लूटूथने दाखवतं. आकडा रोज वर-खाली होतो, म्हणून काही आठवड्यांची सरासरी बघायची.

आपल्या सोलापूरचं काय?

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम बरंच कमी असतं. शिवाय तळघरं कमी आणि उन्हाळा असा की खिडक्या उघड्याच. त्यामुळं घाबरायचं कारण नाही. पण प्रत्येक घर वेगळं असतं, खात्री मोजूनच होते. तळमजल्यावर दिवसभर एसी लावून सगळं बंद ठेवत असाल, तर रोज थोडा वेळ खिडक्या उघडा. एअर प्युरिफायरने हा वायू जात नाही.

कॉल चालू असतानाच आईने विचारलं, "आपल्या ओट्याचा ग्रॅनाइट काढायचा का रे?" नाही. ओट्यामुळं घरातला रेडॉन सहसा फारसा वाढत नाही.

ताईच्या घराखाली पाइप टाकून पंखा बसवला. तो जमिनीतला वायू छताच्या वर सोडतो. आता आकडा १.१ आहे, आणि खेळायची खोली तिथंच होतेय.

एक गोष्ट मात्र मी बाबांना मुद्दाम वाचून दाखवली. रेडॉनचा धोका सिगारेट ओढणाऱ्याला न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे २५ पट जास्त असतो. ते गॅलरीत उभे होते, हातात पेटलेली सिगारेट. काही बोलले नाहीत, पण ती अर्धीच विझवली. मीटर घ्यायच्या आधी तुमच्या घरात हे करता आलं तर बघा.