वळिवड्याची छावणी आणि समूहोपचार

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणारी गाडी सुटली, की थोड्याच वेळात वळिवडे स्थानक येते. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे आज कित्येकांना ठाऊक नसते. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केले. १९४१ मध्ये सुटका झाली, १९४२ मध्ये ही मंडळी इराणात आली आणि तेथून हिंदुस्थानात. वाटेत भुकेने व साथींनी अनेकांची माणसे गेली होती.

अशा मनांवर उपचार कोणते? त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात एक नवा प्रयोग चालू होता. युद्धात मनाने खचलेल्या सैनिकांना एकेकटे न तपासता गटात बसवून बोलते करावयाचे, वॉर्डाची कामे त्यांच्याच हाती द्यावयाची. या प्रयोगातील एक डॉक्टर फूल्क्स हे स्वतः जर्मनीतून १९३३ साली परागंदा झालेले. समूहोपचाराचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

वळिवड्यात असे काही नव्हते. होत्या त्या शाळा, चर्च, स्काउट पथके, नाटके. ठरलेल्या वेळी घंटा वाजे आणि जे भोगले ते शेजारच्या बाकावरच्यानेही भोगलेले असे. यालाच काही जण उत्साहाने 'उपचार' म्हणतात. मला ते पटत नाही. तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मोजमाप नव्हते. आणि पुढे आठवणी सांगितल्या त्या मुख्यतः तेव्हाच्या मुलांनी. त्यांच्या आयांच्या रात्री कशा गेल्या, हे आपण कशावरून ठरविणार?

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. आघातानंतर लगेच एकदाच बसवून सारे बोलायला लावले की पुढचा त्रास टळतो, असा समज बरीच वर्षे होता. तपासण्या झाल्या तेव्हा तो टिकला नाही. उलट युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांवर ध्वनिफितींच्या साह्याने पाच गटसत्रांचा कार्यक्रम राबविला गेला. सत्रे घेणारे डॉक्टर नव्हते, थोडे प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते. आपबीती सांगण्याची सक्ती नव्हती. ताण कसा हाताळावा एवढेच शिकविले जाई. १४ वस्त्यांतील ६९४ स्त्रियांची तुलना २०२० साली प्रसिद्ध झाली. मनस्ताप कमी झालेला दिसला, मात्र तीन महिन्यांनी हा फरक ओसरू लागला होता.

म्हणून वर्गात एखादे होरपळलेले मूल आले, तर त्याला सर्वांसमोर बोलते करण्याची घाई शिक्षकाने करू नये. खेळाच्या संघात जागा द्यावी, फळा पुसण्याचे काम द्यावे.

१९४८ मध्ये पोलिश लोक गेले. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. त्या वस्तीचे नाव गांधीनगर. कापडाच्या ठोक बाजारासाठी ते आज ओळखले जाते.