चाळीस तासांचा डाव

"विचार करायला वेळच मिळाला नाही" ही आपल्या सगळ्यांची आवडती तक्रार. म्हणून आज एक उलटं उदाहरण सांगतो. १९३८ साली जपानमध्ये 'गो' या खेळाचा एक डाव झाला. प्रत्येक खेळाडूला विचार करायला ४० तास. दोघांचे मिळून ८० तास, एका डावाला! आणि तरीही त्या डावात मनं कलुषित झाली ती वेळेवरूनच.

गो ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा. एकाच्या काळ्या सोंगट्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. रेघा जिथे छेदतात तिथे सोंगटी ठेवायची. एकदा ठेवली की सरकवायची नाही. वेढली गेली तर मात्र ती पटावरून उचलली जाते. शेवटी ज्याने जास्त जागा घेरली तो जिंकला. बस्स, एवढंच. पण बुद्धिबळापेक्षा शक्यता इतक्या जास्त की नुसता विचार करत बसायचं ठरवलं तर माणूस पटावरच म्हातारा होईल.

जुन्या जपानात खेळाडूंना वेळेची मर्यादा नव्हतीच. शोगुनसमोर किल्ल्यात होणारे डाव एका दिवसात संपणं अवघड, म्हणून ते आधीच खेळून ठेवायचे आणि शोगुनसमोर पाठ केलेल्या चाली फक्त मांडून दाखवायच्या. (आपण क्लायंटला डेमो दाखवतो तसंच हे!) मर्यादा नसली की माणूस निवांत खेळतो असं वाटेल, पण तसं नाही. १८३५ साली आकाबोशी इन्तेत्सू हा तरुण खेळाडू होनिन्बो जोवा यांच्याविरुद्धचा चार दिवस चाललेला डाव हरला आणि रक्त ओकला. दोनेक महिन्यांत तो गेला. जपानी लोक या डावाला 'रक्त ओकण्याचा डाव' म्हणूनच ओळखतात.

१९२४ साली निहोन किइन ही संस्था स्थापन झाली आणि व्यावसायिक गोमध्ये घड्याळ रुळायला लागलं. १९२६ मध्ये होनिन्बो शूसाई आणि कारिगाने जुनिची यांच्या गाजलेल्या डावात प्रत्येकाला १६ तास होते. कारिगाने वेळ संपल्यामुळे हरला. १६ तास पुरले नाहीत!

हे शूसाई म्हणजे 'होनिन्बो' या वंशपरंपरागत पदाचे शेवटचे मानकरी. तीनशे वर्षांची गादी. आणि गादीबरोबर एक हक्क आला होता: डाव तहकूब करण्याचा. १९३३ साली १९ वर्षांचा गो सेगेन त्यांच्यासमोर बसला (चीनमध्ये जन्मलेल्या या मुलाचं आडनाव 'गो' असणं हा निव्वळ योगायोग). प्रत्येकाला २४ तास. पण शूसाई स्वतःची चाल असताना केव्हाही उठू शकत होते. तेरा वेळा उठले. म्हणजे सेगेन चाल करणार, शूसाई म्हणणार "आज पुरे", आणि मग घरी बसून, शिष्यांना घेऊन, पुढच्या बैठकीपर्यंत विचार. तो वेळ घड्याळात धरायचा नाही! पांढऱ्याची १६० वी चाल अप्रतिम होती, आणि ती मूळ शूसाईंचे शिष्य मायेदा नोबुआकी यांना सुचली अशी वदंता आजही आहे. साडेतीन महिन्यांनी शूसाई दोन गुणांनी जिंकले.

म्हणजे घड्याळ आलं, पण ते थांबवायची किल्ली एकाच्याच खिशात राहिली. डेडलाईन आपल्याला आणि ती पुढे ढकलायचा अधिकार दुसऱ्याला, हा प्रकार आपल्याला काही नवीन नाही.

आता १९३८. शूसाई निवृत्त होणार होते, हा त्यांचा निरोपाचा डाव. वय ६४, हृदयविकार. समोर २९ वर्षांचा किटानी मिनोरू, विचाराला वेळ लावण्यासाठी प्रसिद्ध. यावेळी नियम कडक होते. डाव चालू असेपर्यंत खेळाडूंनी मुक्कामाची जागा सोडायची नाही, बाहेरच्यांचा सल्ला नाही. आणि तहकुबीच्या वेळी 'पाकीटबंद चाल': ज्याची पाळी असेल त्याने आपली पुढची चाल लिहून पाकिटात सील करायची. मग रात्रभर विचार करायचा फायदा एकट्यालाच मिळत नाही, कारण समोर नेमकं काय आहे हे एकाला माहीत नाही, आणि दुसऱ्याला आपली चाल बदलता येत नाही. फार सुंदर नियम आहे. पण नियम आला की त्यातली फट शोधणारा येतोच.

२६ जूनला टोकियोत डाव सुरू झाला, पुढे हाकोनेला गेला. ऑगस्टच्या मध्यावर शूसाईंची तब्येत इतकी बिघडली की त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. तीन महिने पट तसाच. नोव्हेंबरमध्ये इतो गावी पुन्हा सुरुवात झाली आणि तिथे आली १२१ वी चाल. ती किटानीने पाकिटात बंद केली होती. पाकीट उघडलं, तर लढाई पटाच्या मध्यभागी पेटलेली आणि चाल मात्र वरच्या कडेला! तिला पांढऱ्याने उत्तर द्यायलाच हवं, आणि उत्तरही जवळजवळ ठरलेलं. म्हणजे मधल्या खऱ्या प्रश्नावर विचार करायला किटानीला पुढच्या बैठकीपर्यंतचा सगळा वेळ मिळाला, घड्याळाबाहेरचा.

या डावाचं वार्तांकन वर्तमानपत्रासाठी करत होते यासुनारी कावाबाता, म्हणजे पुढे १९६८ साली नोबेल मिळवणारे. याच डावावर त्यांनी 'मेइजिन' ही कादंबरी लिहिली. त्यात शूसाईंना ही चाल म्हणजे सुंदर चित्रावर शाई फासल्यासारखी वाटते, आणि त्याच मनःस्थितीत पांढऱ्याची १३० वी, डाव घालवणारी चाल होते. कावाबातांची सहानुभूती कुठे आहे हे लपत नाही. मला मात्र किटानीचा राग येत नाही. पाच वर्षांपूर्वी शूसाईंनी तेरा वेळा जे उघडपणे केलं, तेच त्याने एकदा, नियमात बसवून केलं. फरक एवढाच की आधी तो मान होता, आता ती युक्ती ठरली.

४ डिसेंबरला डाव संपला. २३७ चाली, किटानी पाच गुणांनी विजयी. त्याने ३४ तास १९ मिनिटं वापरली, शूसाईंनी १९ तास ५७ मिनिटं. निम्म्याहून जास्त वेळ त्यांनी तसाच सोडला. मला हा आकडा सगळ्यात चटका लावणारा वाटतो. दुखणाऱ्या छातीने पटासमोर बसणाऱ्या माणसाला वीस तास शिल्लक असून काय उपयोग? १९४० च्या जानेवारीत ते वारले. होनिन्बो हे पद त्यांनी आधीच निहोन किइनला दिलं होतं, त्याची स्पर्धा झाली.

हीच 'वेळ काढायची चाल' पुढे मिनिटांवर आली. जपानी पद्धतीत शेवटी 'ब्योयोमी' असते: नोंद ठेवणारा सेकंद मोठ्याने मोजतो, आणि मिनिटाच्या आत चाल केली की वेळ कापला जात नाही. मग खेळाडू उत्तर ठरलेलं असेल अशी चाल फेकतात आणि एकेक मिनिट उसनं घेतात. या गडबडीत काय होतं? १९८० च्या मेइजिन स्पर्धेत ओताके हिदेओविरुद्ध चौथ्या डावात चो चिकुन ब्योयोमीत होता. पटावर 'को' चालू होता, म्हणजे समोरच्याने उचललेली जागा लगेच परत घेता येत नाही, आधी दुसरीकडे एक चाल करावी लागते. चोला आठवेना. त्याने नोंद ठेवणाऱ्याला विचारलं, आता मी घेऊ शकतो ना? तो हो म्हणाला. ते चूक होतं. शेवटी डाव अनिर्णित ठरवला, आणि पुढे लक्षात ठेवायची जबाबदारी खेळाडूचीच असा नियम झाला.

हा चो लहानपणी कोरियाहून जपानला येऊन ज्या घरी राहून शिकला ते घर किटानीचं.

आणि होनिन्बो स्पर्धेची अंतिम लढत २०२४ पासून पाच डावांची झाली, प्रत्येक डाव एका दिवसात, प्रत्येकाला ३ तास. पाचही डाव खेळले आणि सगळा वेळ संपवला तरी एका खेळाडूचे १५ तास. किटानीचे एका डावातच ३४ गेले होते.